क्रेडिट कार्डांचे करार सरकारदरबारी कशासाठी जमा होतात?

फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्नी सँडर्स आणि जॉश हॉली या अमेरिकेच्या दोन सिनेटरांनी क्रेडिट कार्डावरील व्याजाला पाच वर्षांसाठी दहा टक्क्यांची मर्यादा घालणारे विधेयक मांडले. एक डाव्या विचारांचे अपक्ष, दुसरे उजव्या विचारांचे रिपब्लिकन. एरवी एका कागदावर सही करणार नाहीत अशी ही जोडी. तेव्हापासून कार्डावरचे व्याज नेमके किती आहे, ते कोण किती आकारते आणि मर्यादा घातल्यास काय होईल, यावर तिथे सतत वाद चालू आहे. या वादातले आकडे कोठून येतात, हे मात्र सामान्य वाचकाला क्वचितच सांगितले जाते. त्यांतला मोठा भाग ज्या दोन सरकारी दप्तरांशी निगडित आहे, त्यांतील एका दप्तरात देशातल्या बहुतेक सर्व मोठ्या कार्ड कंपन्यांच्या करारांचे संपूर्ण मसुदे ठेवलेले आहेत आणि ते जगातल्या कोणालाही फुकट वाचता येतात. खासगी बँक आणि तिचा ग्राहक यांच्यातला कागद सरकारकडे जमा व्हावा, ही कल्पना पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटते. म्हणून ती मुळापासून पाहू.

करारात असते तरी काय

क्रेडिट कार्ड हे प्लॅस्टिकच्या तुकड्याच्या रूपातले कर्जखाते असते. त्या कर्जाच्या अटी ज्या कागदात लिहिलेल्या असतात, तो कार्डाचा करार. व्याजाचा दर किती, तो कोणत्या दराशी बांधलेला आहे, हप्ता चुकल्यास विलंब शुल्क किती, रोख रक्कम काढल्यास व्याज कोणत्या दिवसापासून लागते, परदेशी चलनातल्या खरेदीवर किती टक्के जादा, किमान देय रक्कम कशी काढतात आणि वाद झाल्यास तो कोणत्या राज्याच्या कायद्यानुसार, कोणासमोर सोडवायचा, हे सारे त्यात येते. व्याजाचा दर अमेरिकेत वार्षिक टक्केवारीत सांगतात आणि त्याला एपीआर म्हणतात. आपल्याकडे बँका अनेकदा ‘महिन्याला साडेतीन टक्के’ असे सांगतात आणि ग्राहकाला ते थोडे वाटते. वर्षाचा हिशेब केला की तो बेचाळीस टक्के होतो. एपीआर सांगण्याच्या सक्तीमुळे निदान ही एक पळवाट बंद होते; आता रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांतही ती सक्ती आहे.

हा करार ग्राहक जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि त्यात त्याचा फारसा दोष नाही. कागद लांबलचक असतो, भाषा वकिली असते, आणि वाचूनही त्यातला एक शब्द बदलून घेण्याची ताकद एकट्या ग्राहकाकडे नसते. सही करा किंवा कार्ड घेऊ नका, एवढाच पर्याय.

दोन कायदे, दोन दप्तरे

कर्ज देणाऱ्याने अटी उघड केल्या पाहिजेत, हे तत्त्व अमेरिकेने १९६८ च्या कायद्याने स्वीकारले. कार्डांचा प्रसार वाढल्यावर १९८८ मध्ये त्यात भर पडली. कार्डाच्या अर्जासोबत दर आणि शुल्के एका ठरावीक चौकटीत छापावीत, असा नियम आला. त्या वेळी काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचे, सदस्य असलेल्या चार्ल्स शूमर यांच्या नावावरून या चौकटीला आजही ‘शूमर बॉक्स’ म्हणतात. याच कायद्याने पहिले दप्तर जन्माला घातले. फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेने वर्षातून दोनदा कार्डांचे दर आणि शुल्के यांची माहिती गोळा करावी. देशातल्या सर्वांत मोठ्या २५ कंपन्या त्यात असाव्यात आणि त्यांखेरीज किमान १२५ संस्था अशा निवडाव्यात की देशाचे निरनिराळे भाग आणि लहानमोठ्या सर्व तऱ्हेच्या संस्था त्यात याव्यात, असे त्यात सांगितले होते. म्हणजे हे दरांचे सर्वेक्षण आहे. त्यात कराराचा मजकूर नसतो, आकडे असतात.

दुसरे दप्तर २००९ चे. आदल्या वर्षीच्या आर्थिक कोसळणीनंतर कार्ड कंपन्यांविरुद्ध संताप होता. जुन्या थकबाकीवरचा दर अचानक वाढवणे, महिन्याच्या मध्येच अटी बदलणे असे प्रकार सर्रास चालत. २२ मे २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी सही केलेल्या ‘कार्ड’ कायद्याने यांतल्या अनेक गोष्टींवर बंदी आणली आणि महत्त्वाच्या बदलाची ४५ दिवस आधी सूचना देणे बंधनकारक केले. त्याच कायद्याच्या एका लहानशा कलमात असे म्हटले होते की प्रत्येक कंपनीने आपले करार स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावेत, त्यांची इलेक्ट्रॉनिक प्रत सरकारला द्यावी आणि सरकारने त्या सर्व प्रती एका जागी लोकांसाठी खुल्या ठेवाव्यात. जुलै २०११ मध्ये ग्राहक आर्थिक संरक्षण कार्यालय, म्हणजे सीएफपीबी, कामाला लागले आणि दोन्ही दप्तरांची जबाबदारी फेडरल रिझर्व्हकडून त्याच्याकडे आली.

याच कायद्याची तिसरी एक शाखा महाविद्यालयांसाठी आहे. विद्यार्थ्यांना किंवा माजी विद्यार्थ्यांना कार्डे विकण्यासाठी बँका विद्यापीठांशी जे करार करतात, तेही दरवर्षी सरकारला द्यावे लागतात. विद्यापीठाला या व्यवहारातून किती पैसे मिळतात, हे त्यामुळे चारचौघांत येते.

कागद पोहोचतो कसा

दर तिमाहीच्या शेवटच्या कामकाजाच्या दिवशी कंपनी लोकांना जी जी कार्डे देऊ करत असेल, त्यांचे करार तिने पुढच्या महिन्याच्या अखेरीस, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या शेवटी, जमा करायचे असतात. करारात बदल नसेल तर तो पुन्हा पाठवण्याची गरज नसते. बदल झाला असेल तर नवी प्रत आणि कार्ड बंद केले असेल तर तशी सूचना द्यावी लागते.

नियमातला खरा शहाणपणा बारकाव्यांत आहे. मूळ करार तसाच ठेवून ‘कलम सातमध्ये पुढील बदल वाचावा’ अशा सुट्या चिठ्ठ्या जोडून पाठवता येत नाहीत. बदल मूळ मजकुरात मिसळून सलग प्रतच द्यावी लागते. दर आणि शुल्के सगळी मिळून एकाच पुरवणीत हवीत, दहा ठिकाणी विखुरलेली चालत नाहीत. अक्षरे स्पष्ट आणि सहज वाचता येण्याजोगी असावीत, हेही लिहून ठेवले आहे. ग्राहकाचे नाव, खाते क्रमांक असा वैयक्तिक तपशील या प्रतीत येऊ द्यायचा नाही. सरकारी कागदपत्रांशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना लगेच कळेल की यांतले प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या चलाखीची आधीच कल्पना करून लिहिलेले आहे.

लहान संस्थांना सवलत आहे. ज्यांची चालू कार्डखाती दहा हजारांपेक्षा कमी आहेत, त्यांना करार पाठवावे लागत नाहीत. पारदर्शकतेच्या फायद्यापेक्षा कागदी कामाचा बोजा जास्त होत असेल तिथे सूट द्यावी, अशी मुभा कायद्यानेच दिली आहे.

‘माझा करार तिथे सापडेल का?’

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात राहणारा मराठी वाचक साहजिकच हे विचारील. उत्तर असे की त्याच्या कार्डाच्या प्रकाराचा करार बहुधा सापडेल, त्याचा स्वतःचा करार सापडणार नाही. दप्तरात येतो तो लोकांना देऊ केलेला सर्वसाधारण मसुदा. ग्राहकाच्या पतगुणांकानुसार, म्हणजे कर्ज फेडण्याच्या आजवरच्या नोंदीवरून काढलेल्या गुणांनुसार, दर बदलतो. म्हणून अशा मसुद्यात दर अनेकदा एका पट्ट्याच्या रूपात, अमुकपासून तमुकपर्यंत, असा दिलेला असतो. कार्ड जुने असेल आणि कंपनीने ते नव्या ग्राहकांना देणे थांबवले असेल, तर ते ताज्या यादीत नसेल. अडचणीत आलेल्या एखाद्या कर्जदाराशी बँकेने स्वतंत्र तडजोड केली असेल, तर तीही या व्यवस्थेच्या बाहेर ठेवली आहे.

स्वतःच्या खात्याचा नेमका करार हवा असेल, तर तो कंपनीकडूनच मागायचा. नियमाप्रमाणे तिने तो संकेतस्थळावर उपलब्ध ठेवावा किंवा मागणी आल्यापासून तीस दिवसांच्या आत द्यावा लागतो.

मग हे वाचतो कोण?

सर्वांत जोरदार आक्षेप हाच आहे. ज्या ग्राहकाने स्वतःच्या हातातला करार वाचला नाही, तो सरकारी संकेतस्थळावर जाऊन शेकडो करार वाचेल, ही अपेक्षा भाबडी आहे. हे मला पूर्णपणे मान्य आहे. पण या दप्तराचा खरा वाचक कार्डधारक नाहीच, असे माझे मत आहे.

महाराष्ट्रात घर घेणाऱ्यांना महारेराच्या संकेतस्थळावरून याची कल्पना येईल. विकासकाला प्रकल्पाची नोंदणी करताना विक्री कराराचा मसुदा तिथे चढवावा लागतो. घर घेणारे बहुतेक जण तो उघडूनही पाहत नाहीत. पण ताबा लांबल्यास व्याज न देण्याची पळवाट एखाद्याने मसुद्यात ठेवली, तर ती ग्राहक संघटनेच्या वकिलाला दिसते, पत्रकाराला दिसते, शेजारच्या प्रकल्पाच्या विकासकालाही दिसते. एकेकट्या खरेदीदाराच्या कपाटात कुलूपबंद असलेले शंभर करार आणि एका जागी उघडे ठेवलेले शंभर करार यांत मजकुराचा फरक काहीच नसतो. फरक पडतो तो तुलना करता येण्याने.

कार्डांच्या बाबतीत याचे सर्वांत ठळक उदाहरण लवादाचे आहे. वाद झाल्यास न्यायालयात न जाता खासगी पंचासमोर जावे आणि अनेक ग्राहकांनी मिळून सामूहिक दावा लावू नये, असे कलम बऱ्याच करारांत असते. ते किती कंपन्यांच्या करारात आहे, हे कोणी नुसते विचारून कळले नसते. सीएफपीबीने करारांच्या या संग्रहाचा आधार घेऊन अभ्यास केला आणि मार्च २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. देशातल्या एकूण कार्ड-थकबाकीपैकी निम्म्याहून थोडी अधिक, सुमारे ५३ टक्के, रक्कम अशा कलमाखाली होती. काही मोठ्या बँकांनी एका मक्तेदारीविरोधी खटल्यातील तडजोडीमुळे हे कलम काही काळापुरते काढले नसते, तर हे प्रमाण ९४ टक्क्यांच्या आसपास गेले असते, असेही त्यात नोंदवले आहे. त्याच अभ्यासातल्या पाहणीत चारपैकी तीनपेक्षा अधिक कार्डधारकांना आपल्यावर असे कलम लागू आहे की नाही, हेच माहीत नव्हते.

या अभ्यासाच्या आधारे सीएफपीबीने २०१७ मध्ये सामूहिक दाव्यांना आडकाठी करणाऱ्या कलमांवर निर्बंध आणणारा नियम केला. तो पाळणे कंपन्यांना सक्तीचे होण्यापूर्वीच काँग्रेसने ठराव करून रद्द केला आणि १ नोव्हेंबर २०१७ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांची त्यावर सही झाली. पुढे २०१९ मध्ये चेस या बँकेने, जी त्या तडजोडीतली एक बँक होती, आपल्या बहुतेक कार्डांच्या करारात लवादाचे कलम पुन्हा आणले. नियम हरला, हे खरे. पण कोणत्या बँकेच्या करारात कलम कधी नव्हते आणि कधी परत आले, हे जुन्या तिमाहींच्या प्रती उतरवून घेऊन आजही कोणालाही ताडून पाहता येते. नियम रद्द करता आला तरी ही नोंद पुसता आलेली नाही.

दरांच्या सर्वेक्षणातून काय निघाले

पहिले दप्तर, म्हणजे दरांचे सर्वेक्षण, अनेक वर्षे कंटाळवाण्या तक्त्यांच्या रूपात निपचित पडून होते. २०२३ मध्ये सीएफपीबीने त्याचा नमुना बदलला आणि ग्राहकाच्या पतगुणांकाच्या तीन गटांनुसार दर विचारायला सुरुवात केली. एवढ्या एका बदलाने चित्र पालटले. पूर्वी मोठी बँक सहज म्हणू शकत असे की आमचे दर जास्त दिसतात, कारण आम्ही जोखमीच्या ग्राहकांनाही कार्ड देतो. आता सारख्याच पतीच्या ग्राहकांची तुलना करता आली.

२०२३ च्या पहिल्या सहामाहीतल्या या माहितीवर आधारित अहवाल फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. सर्वांत मोठ्या २५ कंपन्यांचे दर लहान बँका आणि पतसंघांपेक्षा ८ ते १० टक्के-अंकांनी अधिक होते, तेही प्रत्येक गटात. ६२० ते ७१९ पतगुणांक असलेल्या, म्हणजे मध्यम पतीच्या ग्राहकाला मोठ्या कंपनीचा मध्यक दर २८.२० टक्के, तर लहान संस्थेचा १८.१५ टक्के. पाच हजार डॉलरची थकबाकी बाळगणाऱ्याला या फरकापायी वर्षाला ४०० ते ५०० डॉलर जादा मोजावे लागतात. वार्षिक शुल्कातही तेच: मोठ्यांपैकी ६९ टक्के कंपन्यांच्या एखाद्या तरी कार्डाला ते होते, लहानांपैकी २७ टक्क्यांच्या. २०२३ च्या मध्याला अमेरिकेतील कार्डांची एकूण थकबाकी एक लाख कोटी डॉलरच्या पुढे गेली होती, हे लक्षात घेतले की या फरकाचे वजन कळते.

हे बँकांचे व्यापारी गुपित नव्हे काय?

जो कागद लाखो ग्राहकांना दिला जातो, तो गुपित कसा ठरेल? कोणत्या ग्राहकाला कोणता दर लावायचा हे ठरवण्याचे सूत्र बँकेचे स्वतःचे असते आणि ते या दप्तरात कोणी मागत नाही. दुसरा आक्षेप थोडा अधिक विचार करण्याजोगा आहे: सर्व प्रतिस्पर्ध्यांच्या अटी एका जागी उघड असल्या, तर स्पर्धा वाढण्याऐवजी सगळे मिळून एकाच चढ्या दराकडे सरकणार नाहीत काय? तत्त्वतः हे शक्य आहे. मात्र मोठ्या बँका एकमेकींवर बारीक लक्ष ठेवायला सरकारी दप्तराची वाट पाहत नाहीत. त्यांच्याकडे त्यासाठी पगारी माणसे असतात. ज्याच्याकडे अशी माणसे नाहीत, त्याला दप्तराचा उपयोग अधिक.

कामाच्या बोजाचा आक्षेप मात्र खरा ठरला होता. सुरुवातीला कंपन्या करार ईमेलने पाठवत आणि पुढचे सगळे हाताने करावे लागे. एप्रिल २०१५ मध्ये सीएफपीबीनेच हे बंधन वर्षभरासाठी स्थगित केले, नवी संगणकीय पद्धत उभारली आणि मे २०१६ पासून जमा करणे पुन्हा सुरू झाले. त्या वर्षात कंपन्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवर करार ठेवण्याचे बंधन मात्र कायम होते.

जमा करणे म्हणजे आळा घालणे नाही

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. करार सरकारकडे जमा झाला म्हणजे सरकारने तो तपासून मंजूर केला, असे नाही. तीस टक्के व्याजाचा करारही तितक्याच निमूटपणे दाखल होतो. व्याजाला वरची मर्यादा नसण्याचे कारण दुसरीकडे आहे. १९७८ मध्ये मार्क्वेट नॅशनल बँकेच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की राष्ट्रीय बँक जिथे स्थित आहे, त्या राज्याचा व्याजाचा कायदा तिच्या परराज्यातल्या ग्राहकांनाही लागू होतो. साउथ डकोटाने १९८० मध्ये आणि डेलावेअरने १९८१ मध्ये आपले कायदे बँकांना सोयीचे केले, आणि सिटीबँकेने आपला कार्डव्यवसाय साउथ डकोटात हलवला. दप्तरातले करार उघडून ‘कोणत्या राज्याचा कायदा लागू’ हे कलम पाहिले की हीच मोजकी राज्ये पुन्हा पुन्हा भेटतात. सँडर्स-हॉली विधेयकाला देशभराची मर्यादा का मागावी लागली, याचे उत्तर त्या एका ओळीत आहे.

कार्यालयच दुबळे झाले तर?

फेब्रुवारी २०२५ मध्येच नव्या प्रशासनाने सीएफपीबीचे बहुतेक काम थांबवण्याचे आदेश दिले आणि त्यावरून न्यायालयात लढाई सुरू झाली. करार जमा करण्याचे कर्तव्य मात्र कार्यालयाच्या मर्जीवर उभे नाही. ते काँग्रेसने केलेल्या कायद्यात आहे, आणि संग्रह लोकांसाठी खुला ठेवण्याचे बंधनही त्याच कलमात सरकारवर घातलेले आहे. कंपनीने स्वतःच्या संकेतस्थळावर करार ठेवण्याची सक्ती वेगळी असल्याने, एक दार जाम झाले तरी दुसरे उघडे राहते. पण पाठवलेली माहिती अपुरी असल्यास विचारणारा कोणी नसेल, सर्वेक्षणाचे आकडे आले तरी त्यांचा अर्थ लावून अहवाल लिहिणारा नसेल, तर तक्ते पुन्हा पूर्वीसारखे निपचित पडतील. धोका कायद्यापेक्षा या बाजूने अधिक आहे.

आपल्याकडे

भारतात रिझर्व्ह बँकेने २१ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या आणि त्या वर्षी १ जुलैपासून लागू झालेल्या निर्देशांनी कार्ड देणाऱ्यांवर बरीच बंधने घातली. दर आणि शुल्के यांची मुख्य माहिती एका पानावर अर्जासोबत द्यावी, सर्वांत महत्त्वाच्या अटी व शर्ती स्वतंत्रपणे, ठळकपणे आणि किमान बारा आकाराच्या अक्षरांत द्याव्यात, व्याजाचे दर संकेतस्थळावर ठेवावेत, असे त्यांत सांगितले होते. व्याजाच्या मर्यादेचा प्रश्न इथेही गाजला: राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये वर्षाला ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. दर ठरवणे बँकांकडे आणि त्यांवर देखरेख रिझर्व्ह बँकेकडे राहिली. या निर्देशांत ग्राहकाच्या हाती कागद देण्यावर भर आहे, म्हणून ज्याला दहा बँकांच्या अटींची तुलना करायची आहे, त्याने दहा संकेतस्थळे उघडून, तिथला ‘एमआयटीसी’ (म्हणजे वर सांगितलेल्या सर्वांत महत्त्वाच्या अटी व शर्ती) या नावाखालचा कागद शोधून, उतरवून घेऊन आपला तक्ता आपणच मांडायचा असतो. आणि तो उतरवताना तारीख लिहून ठेवावी, कारण पुढच्या बदलानंतर त्या जागी जुना कागद दिसेलच असे नाही.